त्र्यंबक की त्रिंबक? बाळाचं नाव कोणतं लिहावं?

पंचवटीकर:
बारशाला पणजोबांचं नाव ठेवायचं ठरलं आहे. जुन्या सातबाऱ्यावर ‘त्रिंबक’ आहे. गुरुजी म्हणतात, ‘त्र्यंबक’च शुद्ध. मूळ कोणतं, अर्थ काय, आणि जन्मदाखल्यावर काय घालावं? पत्रिकेत तुळ रास आली आहे. आणि हे नाव आता कुणी ठेवतं का?

शब्दवेडा:
त्रि + अम्बक, इ चा य् होऊन यण् संधी, म्हणून त्र्यम्बक. ‘अम्बक’ म्हणजे डोळा, तीन डोळ्यांचा तो शंकर. हा रूढ अर्थ. पण वैदिक वाङ्मयात रुद्राची बहीण अम्बिका येते, त्यामुळे ‘अम्बा’शी नातं जोडून ‘तीन मातांचा’ असाही अर्थ लावतात. त्र्यंबकेश्वरच्या पिंडीच्या खळग्यात ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तीन लहान लिंगं आहेत, म्हणून आपल्याकडे बरेच जण ‘तिन्ही देव’ असा अर्थ सांगतात. श्रद्धेला तो शोभतो, पण शब्दाच्या फोडीतून तो निघत नाही.

आता ‘त्रिंबक’ला अशुद्ध म्हणण्याबद्दल. ऋग्वेदात ७ व्या मंडलातल्या ५९ व्या सूक्ताची १२ वी ऋचा घ्या, ‘त्र्यम्बकं यजामहे’. छंद अनुष्टुभ, म्हणजे चरणात ८ अक्षरं हवीत. मोजून बघा, ७च भरतात. ‘त्रियम्बकं’ असं सोडवलं की ८ होतात. कालिदासानेही कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात ‘त्रियम्बकं’ हेच रूप वापरलं आहे. तिथून ‘त्रिंबक’ किती लांब? पणजोबांचं नाव चुकलेलं नव्हतं. मराठीच्या तोंडात बसलेलं ते रूप आहे.

गोदाकाठ:
इतिहासात दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदतात. ज्ञानेश्वरांचे पणजोबा आपेगावचे त्र्यंबकपंत. म्हणजे नाव किमान आठशे वर्षं मराठी घरांत आहे. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे; यातलं ‘त्रिंबक’ वडिलांचं नाव. त्याच मोरोपंतांनी १६७० साली त्रिंबकगड घेतला. पुढे सेनापती त्रिंबकराव दाभाडे, १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडले. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, पानिपतचे अभ्यासक त्र्यंबक शंकर शेजवलकर, पण ‘गावगाडा’कार मात्र त्रिंबक नारायण आत्रे. नाव एका जातीचं किंवा एका पेशाचं कधीच नव्हतं, हे या यादीवरून दिसतंच.

आज पाळण्यात हे नाव कमी ऐकू येतं. नव्या पिढीत शंकराचंच नाव हवं असलं तर रुद्र, शिवांश पुढे येतात. त्र्यंबक बहुतेक मधल्या जागी, वडिलांचं किंवा आजोबांचं नाव म्हणून, टिकून आहे. म्हणूनच तुम्ही ठेवताय याचा मनापासून आनंद वाटला.

राशीचं: अवकहड्यात, म्हणजे नक्षत्राच्या चार चरणांची (भागांची) नावाक्षरं देणाऱ्या कोष्टकात, स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता आणि विशाखाची ती, तू, ते, तो. जोडाक्षराचं पहिलं व्यंजन धरतात. त्र्यंबक म्हटलं तर ‘त’, म्हणजे स्वातीचा चौथा चरण. त्रिंबक म्हटलं तर ‘ति’, विशाखाचा पहिला. दोन्हींची रास तुळच. चरणाक्षर तंतोतंत हवं असेल तर पत्रिकेतला चरण बघून रूप ठरवा.

दाखलेवाला:
कागदाचं मी सांगतो, कारण घोळ तिथेच होतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क लागतं. म्हणून घाई नको. आधी घरात एक रूप पक्कं करा. अर्जावर देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्वतः सुट्या अक्षरांत लिहा, कारकुनावर सोडू नका.

टंकताना क्रम असा: त, हलंत, र, हलंत, य, अनुस्वार, ब, क. दुसरा हलंत सुटला की ‘त्रयंबक’ होतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ‘त्र्यंम्बक’मध्ये अनुस्वार आणि म् दोन्ही येतात, तेही चूक.

रोमनमध्ये टी-आर-वाय-ए-एम-बी-ए-के लिहिलं तर बाहेरचे लोक ‘ट्रायंबक’ वाचतात, आणि आधारसारख्या ठिकाणी यंत्राने केलेलं लिप्यंतर तेच देवनागरीत उमटवू शकतं. टी-आर-आय-एम-बी-ए-के सात अक्षरांचं, वाचायला सरळ. देवनागरीत त्रिंबक असेल तर हेच घ्या. त्र्यंबक असेल तर पहिलं घ्या, पण प्रत्येक कागदावर तेच. दाखल्याची प्रत हातात आली की तिथेच वाचून बघा.

पंचवटीकर:
चरण विशाखाचा पहिला निघाला. त्रिंबकच ठेवतोय. आद्याक्षर मग ‘त्रिं.’ ना?

शब्दवेडा:
हो, अनुस्वारासकट ‘त्रिं.’. शेजवलकरांचं ‘त्र्यं. शं.’ छापतात ते याच रीतीने. नुसतं ‘त्रि.’ लिहिलं तर त्रिलोक की त्रिविक्रम, कळणार नाही.