जवाईला बिबट्या बघायला वडिलांना कधी नेऊ? दिवाळीत की फेब्रुवारीत?

नमस्कार मंडळी,

आम्ही जुन्नर तालुक्यातले, त्यामुळे बिबट्या आम्हाला नवा नाही. आण्णा (माझे वडील) ७२ वर्षांचे आहेत. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला काठी नि बॅटरी घेऊन जाण्यात त्यांचा जन्म गेला. पण त्यांनी बिबट्या पाहिला तो बॅटरीच्या उजेडात चमकलेले दोन डोळे एवढाच, नाहीतर पिंजऱ्यात गुरगुरणारा. एकदा तोडणीच्या वेळी आमच्या फडात दोन पिल्लं सापडली. वनखात्याच्या माणसांनी ती संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली. रात्रीत आई येऊन दोन्ही घेऊन गेली. सकाळी क्रेटशेजारच्या ओल्या मातीत तिची पावलं उमटलेली होती, आण्णा बराच वेळ तिथे उकिडवे बसून बघत राहिले. त्यांना एकदा दिवसाउजेडी, निवांत बसलेला बिबट्या दाखवायचाय.

म्हणून राजस्थानात पाली जिल्ह्यातलं जवाई ठरवलंय. तिथे ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या आहेत, गुहांमध्ये बिबटे राहतात, आणि खाली रबारी लोक शेळ्यामेंढ्या चारतात. माणूस आणि बिबट्या इतके शेजारी राहतात हे आण्णांनी बघावं असं फार वाटतं.

अडलंय ते महिन्यावर. वाचून आणि विचारून एवढं कळलं की थंडीत दगड तापायला लागले की बिबट्या सकाळी उन्हाला येऊन बसतो, शिवाय धरणावर कांड्या करकोचे, रोहित असे पाहुणे पक्षीही असतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला. पण आण्णांना दमा आहे. पहाटेच्या कडाक्यात उघड्या जीपमधून तास-दोन तास फिरवायची माझी हिंमत नाही. एप्रिल ते जून पारा चाळिशीपार जातो, तो विषयच नाही. पावसाळ्यात टेकड्या हिरव्यागार दिसतात म्हणे, पण झाडोरा वाढलेला असताना बिबट्या दिसणं अवघड.

उरले दोन पर्याय. दिवाळीची सुट्टी, बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका असल्याने तेव्हा सोयीचं. पण तेव्हा गर्दी, आणि आमची तोडणीची टोळीही त्याच सुमारास येते. दुसरा फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, ज्यासाठी बायकोला रजा टाकावी लागेल. (१९ तारखेची सुट्टी आहे, पण शिवजयंतीला आण्णा शिवनेरी सोडून कुठेही येणार नाहीत.) माझं मन फेब्रुवारीकडे झुकतंय.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा:

फेब्रुवारीअखेर पहाटे कितपत गारठा असतो? पहाटेची फेरी सोडून फक्त संध्याकाळच्या तीन फेऱ्या केल्या तर दिसण्याची शक्यता फार कमी होते का? आणि जीप त्या गुळगुळीत दगडांवर चढवतात तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेला किती हिसके बसतात?

एका गाडीवाल्याने फोनवर "रात्री झोत मारून हमखास दाखवतो" असं सांगितलं. त्याला नाही म्हटलं. डोळ्यांवर उजेड पडलेला बिबट्या आण्णांनी आयुष्यभर बघितलाय. असले प्रकार न करणारा, जनावरापासून अंतर राखून थांबणारा स्थानिक माणूस कसा ओळखायचा, फोनवर काय विचारायचं, हेही सांगा. मुंबईहून रेल्वेने फालन्याला उतरायचा विचार आहे. तिकिटं काढायची आहेत, तेव्हा या आठवड्यात कळलं तर फार बरं होईल.