प्रतिसाद: नुसत्या किलोओहमवर गिटारचा पिकअप निवडू नका

इलेक्ट्रिक गिटारचा १४ किलोओहमचा पिकअप (गिटारच्या तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं चुंबक आणि कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं) ८ वाल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जोरात वाजेल, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय; ते मला पटत नाही. मल्टिमीटर फक्त कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) किलोओहममध्ये मोजतो. ४२ गेजऐवजी (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) जास्त बारीक ४३ गेजची तार घेतली, तर फेरे तेवढेच ठेवूनही आकडा साधारण पाव हिश्शाने वाढतो. टेलिकास्टर गिटारच्या नेक (मानेकडच्या) पिकअपला परंपरेने ४३ गेजच असते. आकडा ब्रिजवाल्याच्या (बुडाकडच्या पिकअपच्या) आसपास, पण आवाज कितीतरी मऊ, कारण कॉइल लहान आणि वर धातूचं झाकण.

आवाज मुख्यतः इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलचा होणारा विरोध) ठरवतो. स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा सुमारे २ ते २.५ हेन्री (इंडक्टन्सचं एकक), हंबकरचा (दोन कॉइलच्या पिकअपचा) ४ ते ५. फेरे वाढले की इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्सचं शिखर (पिकअप ज्या फ्रीक्वेन्सीला सर्वात जास्त उचलून धरतो ती जागा) खाली सरकतं आणि वरची धार जाते. लांब केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ते आणखी खाली ओढते, हे तर लोक हमखास विसरतात!

आणि आपल्या इंदूरचा मे महिना धरा. २० अंशांना ६ किलोओहम दाखवणारा पिकअप ४२ अंशांच्या खोलीत साडेसहा दाखवेल. तांबं तापलं, एवढंच. कानाला काही फरक कळणार नाही.

नवा हंबकर घेण्याआधी आहे त्याच्या दोन कॉइल सिरीजऐवजी (एकापुढे एक) पॅरलल (समांतर) जोडून ऐका. रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स दोन्ही साधारण चौथाईवर येतात, आवाज लख्ख उघडतो. विकत घ्यायचाच असेल, तर दुकानदाराला इंडक्टन्स, तारेचा गेज आणि चुंबक अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) की सिरॅमिक, हे विचारा.