केंटकी रूट झीरो : दुसऱ्या अंकात आहे, माझं काही सुटतंय का?

टिचकीबहाद्दर :
मंडळी, ‘केंटकी रूट झीरो’ हा कॉम्प्युटर गेम खेळतोय. पहिला अंक झाला, दुसऱ्यात त्या ‘ब्युरो ऑफ रिक्लेम्ड स्पेसेस’ नावाच्या कचेरीत पोचलोय. लिफ्टमध्ये मजल्यांची यादी आहे, त्यात एका मजल्यावर चक्क अस्वलं. बटण दाबलं, दार उघडलं, खरंच अस्वलं. बरं, पुढे? काही नाही! ना त्यांच्याकडून किल्ली मिळत, ना त्यांना मध नेऊन द्यावा लागत.

मी जुन्या वळणाचा पॉइंट अँड क्लिकवाला. दिसेल ते उचलायचं, दिसेल त्यावर लावून बघायचं. इथे उचललेलं ठेवायला पिशवीच नाही. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड म्हणजे कवितेच्या ओळी. अंदाजाने निवडल्या, पहिल्याच फटक्यात बरोबर. संशय आला म्हणून नव्याने सुरुवात करून भलत्याच ओळी टाकल्या, त्याही बरोबर! संवादात काहीही बोला, ट्रक जायचा तिथेच जातो. मग मी तिथे बसून करतोय काय? पुढचं फोडू नका, प्लीज.

खुर्चीतला खलाशी :
सुटत काही नाहीये, गेमच असा आहे. पाच अंक आहेत आणि डोकं खाजवायला लावणारी कोडी जवळपास शून्य. मी चौथ्या अंकात सोडला. डोक्याला खुराक हवा असेल तर ‘ग्रिम फँडँगो’ खेळा, १९९८ चा आहे, मेलेल्यांच्या जगातला ट्रॅव्हल एजंट, विचित्रपणात कुठेही कमी नाही. संवाद नको असतील तर ‘मशिनेरियम’. दोन्हींत अडकाल, चिडाल, मजा येईल.

विंगेतला :
खलाशीभाऊ, दोन्ही गेम उत्तमच, पण विचारलंय वेगळं.

टिचकीबहाद्दर, पंपावर पहिल्यांदा पंपवाला जोसेफ तुमच्या कुत्र्याचं नाव विचारतो तो प्रसंग आठवा. डोक्यावर गवती टोपी घातलेलं म्हातारं कुत्रं. तुम्ही ‘होमर’ म्हणू शकता, ‘ब्लू’ म्हणू शकता, किंवा कुठलंतरी कुत्रं आहे झालं, नाव कोण ठेवतंय, असं सांगू शकता. ब्लू म्हटलंत तर ती कुत्री ठरते. कथेत याने तसूभरही फरक पडत नाही. पण तिसरं उत्तर देणारा कॉनवे (तुम्ही खेळता तो ट्रकवाला) आणि पहिलं देणारा कॉनवे ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि पुढे त्याच्यावर जे गुदरतं ते दोघांच्या बाबतीत सारखं लागत नाही. काय घडणार ते लेखकांनी ठरवलंय. ते कुणावर घडतंय, ते तुम्ही ठरवताय.

मी हौशी नाटकांचं प्रकाशयोजनेचं काम करतो, म्हणून मला हे कदाचित लवकर पटलं असेल. नटाला वाक्य बदलता येत नाही, तरी तेच नाटक दोन नटांकडून पाहिलं तर दोन नाटकं दिसतात. हे लोक ‘अंक’ आणि ‘प्रवेश’ उगाच म्हणत नाहीत. घरात शिरलात की समोरची भिंत कशी विरते बघा, सरळ सरळ नेपथ्य आहे ते.

आणि कोडी अजिबात नाहीत असंही नाही हो. पंपाखालचं तळघर घ्या. टेबलाभोवती माणसं खेळ मांडून बसलीत, त्यांचा वीस बाजूंचा फासा हरवलाय. दिवा जळतोय तोवर तुम्ही कितीही कोपरे धुंडाळा, सापडत नाही. दिवा मालवला की फासा अंधारात चमकतो. तो उचलून पुन्हा दिवा लावला, तर माणसं गायब! वर येऊन जोसेफला विचारलं तर त्याला पत्ताच नाही. एका दिव्याच्या बटणात कोडं, भूतकथा आणि पुढच्या सगळ्या गेमची चुणूक. मी तो प्रवेश फक्त प्रकाशासाठी पुन्हा पुन्हा पाहिलाय.

अजून एक, हे फोडणं नाही. केंटकीत मॅमथ केव्ह नावाची खरोखरची गुहा आहे, मोजणी झालेली लांबी ६०० किलोमीटरांच्या वर, जगात सर्वांत जास्त. १९७० च्या दशकात विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरने, जो स्वतः त्या गुहांचे नकाशे करायचा, तिच्यावरून ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ लिहिला. नुसत्या अक्षरांचा गेम : किल्ल्या घ्या, दिवा घ्या, गुहेत शिरा. तुमची ती उचलाउचल तिथूनच आली. त्याच जमिनीखाली हा ‘झीरो’ हायवे काढलाय आणि पिशवी मात्र मुद्दाम बाहेर ठेवलीय. तिसऱ्या अंकात एक कुबट वास मारणारा कॉम्प्युटर भेटेल, तेव्हा क्राउदर आठवा.

तिसऱ्याच अंकात एका बारमध्ये गाणं आहे. ओळी तुम्ही निवडायच्या. चुकीची ओळ नाही. तिथवर या, तरीही कंटाळा आला तर खुशाल सोडा.

खुर्चीतला खलाशी :
गाणं भारी आहे, तेवढं मान्य. चौथा अंक तरीही रेंगाळतो. बोटीत बसून नुसतं थांबत थांबत जायचं.

विंगेतला :
रेंगाळतोच. तिसरा २०१४ च्या मे महिन्यात आला, चौथा २०१६ च्या जुलैत. एवढी वाट पाहून नदीवरचा संथ प्रवास हाती आला म्हणून तेव्हा मीही वैतागलो होतो. आता सगळे अंक एका दमात मिळतात, तर तो संथपणा बोचत नाही.

ट्रकवालीबाई :
टिचकीबहाद्दर, कामाचं सांगते. मेनूत अंकांच्या मधल्या छोट्या नाटिका आहेत, त्या वगळू नका. ‘लिमिट्स अँड डेमॉन्स्ट्रेशन्स’ पहिल्या-दुसऱ्याच्या मधली. कचेरीतल्या लूला चेंबरलेनच्या कलाकृतींचं प्रदर्शन आहे ते, अजूनही बघून घेतलंत तर तिच्याशी बोलताना तिच्याबद्दल जास्त कळेल. दुसरा संपला की ‘द एंटरटेनमेंट’. त्यात तुम्ही बारमध्ये बसलेलं एक पात्र आहात आणि भोवती नाटक चाललंय. मान वळवून प्रेक्षकांकडे जरूर बघा.

झीरोवर गाडी चालवताना रस्ता वर्तुळासारखा आहे. सांगितलेली खूण आली की गाडी उलटी फिरवायची, तेवढंच. नकाशाच्या भानगडीत पडू नका.

टिचकीबहाद्दर :
कुत्र्याला मी ‘कुठलंतरी’ म्हटलं होतं. आता दुसरा अंक इथेच थांबवून लूलाचं प्रदर्शन बघतो. विंगेतले, तो फासा मला वॉकथ्रूशिवाय, म्हणजे उत्तरं न बघता, सापडला होता, एवढं नोंदवून ठेवा.