शृंगारकथेवर पोट भरायचं तर मराठीत की इंग्रजीत?

टाकदौत:
कमाईसाठी शृंगारकथा लिहायची तर मराठीत लिहू नये, असं माझं ठाम मत. लाजेबिजेचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. किंडलवर ९९ रुपयांची मराठी कथा ३५ टक्के मानधनावर विकली तर लेखकाला जेमतेम ३५ रुपये. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे किंडलच्या 'फक्त आमच्याकडेच' या योजनेत, घालावं लागतं. मग ते ९० दिवस दुसऱ्या ई-दुकानात सोडाच, स्वतःच्या ब्लॉगवरही ठेवता येत नाही. इंग्रजीत २.९९ डॉलरच्या कथेमागे सुमारे २ डॉलर सुटतात. तिकडच्या विक्रीवर अमेरिका कर कापते, पण कराच्या अर्जात पॅन भरून भारताशी असलेल्या कराराचा दर मागितला तर ३० ऐवजी १५ टक्केच. आणि हा धंदा एका पुस्तकावर चालत नाही. पाच ते दहा हजार शब्दांची कथा, मग त्याच पात्रांची पुढची, मग तीन-चार मिळून संच. हे सगळं करायचंच आहे तर ३५ रुपयांसाठी का करावं?

बोरू:
डॉलर मोजलेत, गर्दी नाही मोजली. इंग्रजीतला वाचक नव्या लेखकाचं नाव शोधत नाही, साचा शोधतो: साहेब आणि सेक्रेटरी, बर्फात अडकलेले दोघं. तो साचा मुखपृष्ठावर पहिल्या नजरेत दिसला नाही तर पुस्तक मेलं. जास्त दाखवलं तरी मेलंच. चित्र उघडंवाघडं किंवा नाव भडक असलं की पुस्तक प्रौढांच्या गाळणीत अडकतं आणि साध्या शोधात येईनासं होतं. विक्रीला असतं, सापडत मात्र नाही. म्हणून कपड्यातलं चित्र, सौम्य नाव आणि मसाला आत.

शिवाय आपलं शेजघरातलं इंग्रजी सिनेमांतून उचललेलं. तिथल्या वाचकाला दोन पानांत वास येतो. मराठीत आपल्या हाती सर्वनामं आहेत. लग्नाला पंधरा वर्षं झालेली बाई दिवसभर 'अहो' म्हणते आणि दिवा मालवल्यावर 'तू' म्हणते. तेवढ्या एका शब्दाने जे होतं त्याला इंग्रजीत परिच्छेद खर्ची पडतो.

निळी शाई:
सर्वनामं ठीक, नामांचं काय? मराठीत अवयवांना मधले शब्दच नाहीत. एकीकडे दवाखान्यातल्या तक्त्यावरचं संस्कृत, दुसरीकडे नाक्यावरच्या शिव्या. पहिलं वापरलं तर तपासणी चालल्यासारखं वाटतं, दुसरं वापरलं तर भांडण. मग लेखक ज्वाला, वादळ, लाटा यांच्याकडे पळतो आणि तिसऱ्या पानावर नक्की काय चाललंय तेच कळेनासं होतं. समुद्रकिनाऱ्याचं वर्णन आहे की काय, अशी शंका यावी.

बोरू:
नामं लागतात कुठे? क्रियापदांवर भागतं. लावणीने विड्यावर आणि शालूवर किती संसार केला! पहिल्या खर्ड्यात उपमा एकही नको. कोण कुठे बसलंय, कुठला हात कुठे आहे, अंगावर काय उरलंय, एवढंच कोरडं लिहायचं. या प्रकारातली सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे तिसरा हात: एक कमरेवर, एक केसांत, आणि तिसरा कंदिलाची वात कमी करतोय. दुसरी चूक, काढलेला कपडा दोन परिच्छेदांनी पुन्हा अंगावर येणं. आणि नऊवारी! पारंपरिक नऊवारीखाली परकर नसतो, काष्टा मागे खोचलेला असतो. पाचवारीसारख्या पुढच्या निऱ्या ओढून ती सुटत नाही. अशा जागी अडखळलेली वाचक मंडळी कथेत परत येत नाहीत.

खर्डा झाला की 'श्वास' हा शब्द शोधून मोजायचा. हजार शब्दांत दोनापेक्षा जास्त आला तर उरलेले कापायचे. रंग संवादाने चढतो, धापेने नाही.

कोर्टाची पायरी:
भाषा कुठलीही घ्या, कायदा इथलाच. छापील मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम २९४: पहिल्या दोषसिद्धीला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड. ऑनलाइनला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७: ३ वर्षांपर्यंत आणि ५ लाखांपर्यंत. वर्णन थेट असेल तर ६७अ लावलं जाण्याची भीती: ५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत. म्हणजे तीच कथा कागदावर स्वस्त, पडद्यावर महाग. साहित्यासाठी अपवाद दोन्ही कायद्यांत आहे, पण तो पुढे न्यायालयात सांगायचा असतो.

बोरू:
आणि तो टिकतो. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, त्यावर खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवली नाही.

कोर्टाची पायरी:
निकाल १९६९चा! मधे खालच्या कोर्टाने सोडलं होतं आणि उच्च न्यायालयाने दोषी धरलं होतं. सुटका झाली म्हणता, त्या सात वर्षांना काय म्हणायचं? काकोडकर खपणारे लेखक होते. ३५ रुपयेवाल्याने वकील कशातून करायचा?

टाकदौत:
हा माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. धोका सारखाच असेल तर निदान डॉलर तरी मिळावेत. टोपणनाव वापरा म्हणजे झालं.

कोर्टाची पायरी:
टोपणनाव शेजाऱ्यांपासून लपवतं, बस्स. दुकानाकडे पॅन आणि बँक खातं खऱ्याच नावाचं असतं, आणि विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवावं लागतंच. त्याची दुसरी बाजूही बघा. टोपणनावाच्या पुस्तकाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं, खरं नाव उघड केलं तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. वारसांना यातलं काही माहीतच नसलं तर पुस्तकं बेवारस राहतात. एका बंद पाकिटात तरी लिहून ठेवावं.

निळी शाई:
डॉलरच्या भरवशावरही फार जाऊ नका. २०१२मध्ये पेपॅलने स्मॅशवर्ड्स या ई-पुस्तकांच्या दुकानावर प्रौढ मजकुरावरून दबाव आणला आणि २०२५च्या जुलैत इच डॉट आयओ या विक्री-संकेतस्थळाने पैसे वळवणाऱ्या कंपन्यांमुळे प्रौढ मजकूर शोधातून काढला. कायद्याने न अडवलेलं पैशांच्या वाटेवर अडतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक, कारण हे इथंच चुकतं: 'कॉलेजातली' एवढंच लिहू नका. आपल्याकडे अकरावीचं पोरही कॉलेजातच असतं, आणि ते सोळाचं असतं. त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ब, म्हणजे अल्पवयीनांच्या अश्लील चित्रणाचं कलम, लिखित मजकुरालाही लागू आहे. पदवीचं शेवटचं वर्ष, नोकरीचा पहिला पगार, असं काहीतरी पहिल्याच पानावर ठेवा.