मदत हवी आहे : काळ्या मातीत पिवळ्या बांबूचं बेट बसत चाललंय (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला राजेंद्रनगरात आमचं घर आहे. पश्चिमेच्या भिंतीलगत पिवळा बांबू आहे, हिरव्या उभ्या रेघांचा. मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो तेव्हा दुपारचं ऊन तोच अडवतो, त्यामुळे घरात सगळ्यांचा त्याच्यावर जीव. यंदा मात्र त्याचं लक्षण बरं दिसत नाही.

पानांची टोकं करपतात आणि तो तपकिरी रंग कडेकडेने आत सरकतो. उन्हाळ्यात दुपारी पानं पुंगळीसारखी वळायची, संध्याकाळी उलगडायची. त्याचं काही वाटलं नाही, पाणी राखायला बांबू तसं करतोच. खरी काळजी कोंबांची आहे. पाऊस चांगला लागलाय, तरी बेटात एकही जाड कोंब नाही. कडेला आलेत ते करंगळीएवढे. बांबूची काठी जमिनीतून जेवढी जाड निघते तेवढीच राहते, नंतर भरत नाही. म्हणजे यंदाच्या काठ्या बारीकच राहणार.

नर्मदेचं पाणी घरात वापरण्यातच संपतं, बागेला बोरिंगचं. ते इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. टोकं त्या क्षारांनीच करपत असतील का? पावसाने क्षार धुऊन जायला हवेत, पण आमची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पाणी धरून बसते. काल बुंध्याशी खुरप्याने उकरून पाहिलं. वरची दोन बोटं माती मोकळी, खाली चिखलाचा गोळा आणि कुबट वास. भिंतीकडचा एक कंद दाबला तर मऊ लागला, बाकीचे टणक आहेत. पानांमागे पिठ्या ढेकूण किंवा जाळी नाही, भिंगातून पाहिलंय.

मऊ कंद आत्ताच कापून काढू, की पाऊस सरेपर्यंत हात लावू नये? पाणी काढून द्यायला बेटाभोवती चर खणला तर टणक कंदांना धक्का लागेल का?

बेट दाटलंय हेही खरं. तीन वर्षांहून जुन्या काठ्या काढायच्या आणि त्या थंडीत, हे ठाऊक आहे. पण जुनी काठी ओळखायची कशी? रंग उतरलाय आणि पेरांवर बुरशीचे पांढरट डाग आहेत, त्याच ना?

शेजारचे काका म्हणतात, मुळं भिंत फोडतील, उपटून टाका. हा धावणारा बांबू नाही, याचे कंद आखूड असतात आणि बेट हळूहळूच पसरतं, हे त्यांना सांगितलं. पण भिंत जेमतेम हातभर लांब आहे, त्यामुळे त्यांची भीती अगदीच उडवून लावता येत नाही. त्या बाजूचे कंद दरवर्षी छाटत राहिलं तर पुरेल का? उपटायचं मात्र मनात नाही.

इंदूर, देवास, उज्जैनकडे काळ्या मातीत बांबू वाढवलेल्यांनी जरूर लिहा. उकरलेल्या जागेचे फोटो उद्या उजेडात काढून टाकते.