मदत हवी आहे: ग्राहक उरलेली रक्कम न देता ओपन फाइल मागतो आहे

धरमपेठी
नमस्कार मंडळी. नागपुरात धरमपेठेत आमचा लहानसा क्रिएटिव्ह स्टुडिओ आहे. संत्रा बर्फी तयार करणाऱ्या एका व्यावसायिकासाठी आम्ही लोगो, बर्फीचे खोके आणि इन्स्टाग्रामसाठीचे फोटो असे सगळे काम केले; खोकी छापून दुकानात लागलीसुद्धा. आता उरलेली निम्मी रक्कम मागितली की मालक ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतात, आणि त्यांच्या भाच्याचा मात्र रोज फोन येतो की ओपन फाइल (ज्यात डिझाइन बदलता येते ती मूळ फाइल) पाठवा, पुढची छपाई आम्ही परस्पर करून घेऊ. फाइल अडवून धरण्याचा अधिकार मला आहे की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे. सोमवारी त्यांच्याकडे जायचे आहे.

बर्डीकर
कोटेशनमध्ये ओपन फाइलचा उल्लेख होता का? पक्के बिल दिले आहे की प्रोफॉर्माच, म्हणजे नुसते कच्चे बिल? डिझाइन पगारी माणसाने केले की बाहेरच्या? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल.

जुना छापखाना
यात विचारण्यासारखे काय आहे? पैसे ग्राहकाने मोजले, तर फाइल ग्राहकाची. आम्ही मागेल त्याला सीडीआर (कोरलड्रॉची मूळ फाइल) देतो आणि तोच ग्राहक पुढची छपाई आमच्याकडे आणतो. तुम्ही अडवली तर भाचा खोके स्कॅन करून कुणाकडूनही ट्रेस करून घेईल. मात्र देताना मराठी मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून द्या, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वेलांट्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात.

धरमपेठी
फॉन्टची अडचण नाही, पैशांची आहे. कोटेशनमध्ये फक्त ‘छपाईयोग्य पीडीएफ’ असे लिहिले होते, बाकी सगळे व्हॉट्सॲपवर ठरले. डिझाइन आमच्याच पगारी डिझायनरचे आहे. बिल प्रोफॉर्माच दिले आहे, कारण पक्के बिल फाडले की रक्कम हाती येवो न येवो, अठरा टक्के जीएसटी आम्हाला भरावाच लागतो.

बर्डीकर
मग छापखानेवाल्यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पगारी कर्मचाऱ्याने नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला हक्कदार म्हणजे त्याला नोकरीवर ठेवणारा, अर्थात तुमचा स्टुडिओ. लोगो आणि खोक्याची मांडणी हक्कांचे लेखी हस्तांतर होईपर्यंत तुमचीच राहते. फोटोंचे तसे नाही. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळे काही ठरलेले नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे बर्फीचे फोटो अडवू नका. ओपन फाइल कबूल केलेली नाही, ती नाकारायला हरकत नाही.

विदर्भवासी
खोक्यावर ‘नागपुरी संत्रे’ असे छापले आहे का? नागपूरच्या संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या संत्र्यासाठीच राखलेले आहे, तेव्हा गर खरोखर कुठल्या बागेतला आहे हे ग्राहकाला विचारून घ्यावे.

धरमपेठी
संत्री काटोलचीच आहेत, पण तो प्रश्न मी विचारलेलाच नाही.

लेखापाल
फाइलीवरून भांडण्यापेक्षा सरळ मार्ग आहे. काम घेण्यापूर्वीच तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने, मुदत लेखी ठरलेली नसल्यास काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि ठरलेली असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पण त्यासाठी आधी पक्के बिल द्या; प्रोफॉर्माच्या जोरावर तगादा लावता येत नाही.

जुना छापखाना
व्याजाची भाषा केली की ग्राहक गेलाच समजा. नागपुरात सगळे एकमेकांना ओळखतात, भाऊ.

लेखापाल
म्हणूनच मालकाशी नव्हे, त्यांच्या सीएशी बोलायचे. मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची आयकरातली वजावट आता प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते. मार्च जवळ आला की हे सीए स्वतःच मालकाला सांगतो.

धरमपेठी
उद्यम नोंदणी स्टुडिओ सुरू केला तेव्हाचीच आहे. मग सोमवारी पक्के बिल नेतो, फोटो देऊन टाकतो, आणि ओपन फाइलची वेगळी किंमत सांगून ती उरलेल्या रकमेनंतरच मिळेल असे लिहून देतो. हस्तांतराच्या पत्राचा मराठी मसुदा कोणाकडे आहे का?

बर्डीकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. त्यात कालावधी आणि प्रदेश यांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या भरूनच सही घ्या. न लिहिल्यास हस्तांतर पाच वर्षांपुरते आणि भारतापुरते धरले जाते, आणि मालकांना बर्फी दुबईला पाठवायची असेल तर ते तुम्हालाच फोन करतील.