बातमी आरसा असते, हे मला मान्य नाही

चिकित्सक:
एका पत्रकाराने काल लिहिले की बातमी हा केवळ आरसा आहे आणि भीती वाचकाच्याच मनात असते. हे वाचून गप्प बसवेना. आरसा समोर येईल ते दाखवतो. बातमी निवडली जाते. २०२१ साली जगभरात रस्ते अपघातांत सुमारे ११.९ लाख माणसे दगावली, तरीही माणसे धास्तावतात ती खुनाच्या आणि विमान कोसळल्याच्या बातमीने. मॅककॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत मत न ठरलेल्या १०० मतदारांना देशापुढील कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात ते विचारले, तेव्हा त्यांनी लावलेला क्रम बातम्यांतील क्रमाशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

रात्रपाळी:
मी वीस वर्षे उपसंपादक होतो, त्यामुळे हा आरोप मला लागतो. दोन क्रम जुळले म्हणून एकाने दुसरा घडवला, असे सिद्ध होत नाही. लोकांना ज्याची काळजी आहे, तेच आम्ही छापत असू.

चिकित्सक:
आयंगार आणि किंडर या संशोधकांनी नेमके हेच तपासले. त्यांनी फेरफार केलेल्या दूरचित्रवाणी बातम्या प्रेक्षकांना दाखवल्या, आणि ज्या प्रश्नाच्या बातम्या वाढवल्या, तोच त्यांना अधिक गंभीर वाटू लागला.

कात्रण:
प्रयोग राहू द्या, खुलाशांचे बोला. माझ्या भावाला केवळ चौकशीसाठी बोलावले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार स्तंभी मथळा आला. त्याचा काहीही संबंध नसल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा आतल्या पानावर निविदेच्या जाहिरातीखाली सहा ओळी आल्या. आई ते कात्रण पिशवीत घालून शेजाऱ्यांच्या घरोघरी दाखवत फिरली.

रात्रपाळी:
त्या सहा ओळी मीच लावल्यासारखे बोलू नका. रात्री पान छपाईला सोडायची वेळ आली की जागा उरत नाही.

कात्रण:
मथळ्याच्या रात्री ती कोठून आली? पाच वर्षे झाली, तरी आजही लोक त्याला ‘त्या प्रकरणातला’ म्हणतात.

चिकित्सक:
माझा मूळ मुद्दा हाच आहे.

कात्रण:
तुमच्या मुद्द्यासाठी मी भावाची गोष्ट सांगितलेली नाही.

रात्रपाळी:
आम्ही भीती विकतो, हे मी मान्य करणार नाही. परंतु पान दोन्ही रात्री तेवढेच होते, हे खरे आहे, आणि असे खुलासे मीही तळाशी लावलेले आहेत.